अलीकडच्या काठाचे अण्णा

धारमध्ये राहून समुद्रकिनाऱ्याचं शिक्षण घेऊन आलेला माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि नेमकं त्याच्याशीच माझं लग्न झालेलं.

माणसाचं नाव मल्हारराव पोतनीस. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पोरगी म्हणते, कोपऱ्यावरचा भाजीवाला म्हणतो, नर्मदाकाठचे पंच-सरपंच तर 'अण्णाजी' म्हणून वाकून पाया पडतात. मी 'अहो' म्हणते, आणि फार चिडले तर तेवढंही म्हणत नाही. माझं नाव विद्युल्लता, माहेर देवासचं. छत्तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलं. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात माळवी, त्यामुळे माझ्या बोलण्याची खिचडी होते. ती गोड मानून घ्या.

यांचे आजे-पणजे धारच्या दरबारात कागद सांभाळायचे. दरबार गेला, पण कागदांचा सोस काही गेला नाही. हे जिल्ह्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात लागले. निवडून आलेल्या पंच-सरपंचांना शिकवायचं, हे काम. ग्रामसभा कशी बोलवायची, ठराव कसा लिहायचा, गावाची नदी, गावची वाळू, गावचं कुरण याबद्दल चार माणसांनी बसून कसं ठरवायचं. पगार बेताचा, फिरणं फार. पण हे मनापासून करायचे, हे मला कबूल केलंच पाहिजे.

बारा साली भोपाळहून एक पत्र आलं. समुद्रकाठच्या गावांनी आपली मासळी, आपली वाळू, आपला किनारा कसा सांभाळायचा, याचं तीन आठवड्यांचं शिक्षण, गुजरातेत भावनगरच्या बाजूला. धार जिल्ह्याने एक माणूस पाठवावा. केंद्रात सगळे पोट धरधरून हसले. "अरे भिया, अपने यहाँ समुंदर कहाँ है?" कुणी साहेबाने फायलीत 'किनारा' एवढंच वाचलं असणार आणि धारचं नाव टाकलं असणार, दुसरं काय! जायला कोणी तयार होईना. हे घरी आले, कपाटावरून नकाशा काढला, बोटाने रस्ता मोजला आणि म्हणाले, "लता, दाहोद, बडोदा, भावनगर. मैया कुठे ओलांडावी लागत नाही. मी जातो."

मैया म्हणजे नर्मदा. आणि ती ओलांडायची नाही हा काय प्रकार, ते आधी सांगायला हवं.

माझ्या सासूबाई, उमाबाई, त्रेसष्टाव्या वर्षी पायी परिक्रमेला निघाल्या. ओंकारेश्वराहून परिक्रमा उचलली, दक्षिण काठाने चालत समुद्रापर्यंत गेल्या, तिथे नावेने वळसा घालून उत्तर काठाने परत येत होत्या. परिक्रमेचा नियम कडक असतो. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि मधे कुठेही ती ओलांडायची नाही. पुलावरून नाही, नावेतून नाही, नदीतल्या बेटावरच्या देवळातसुद्धा जायचं नाही. धरमपुरीला पोचल्या आणि तापाने आडव्या झाल्या. निरोप आला तसे आम्ही दोघं धारहून धावलो. घाटाजवळच्या धर्मशाळेत चटईवर पडल्या होत्या, पायांना भेगा, हातात काठी तशीच. म्हणाल्या, "मल्हार, माझं राहिलं रे." यांनी घाटावरून ओंजळीत पाणी आणलं आणि त्यांच्यासमोर म्हणाले, "आई, उरलेलं मी चालेन. ते होईपर्यंत मैया ओलांडणार नाही." सासूबाईंनी डोळे मिटले ते मिटलेच. दोन हजार चारचा फेब्रुवारी होता.

उरलेलं म्हणजे काय थोडं होतं? धरमपुरीहून अमरकंटक, आणि तिथून वळून ओंकारेश्वर. दीड हजार किलोमीटर तरी असेल. आधी रजा मिळेना. मग मधूचं शिक्षण, मग मधूचं लग्न. मग गुडघा बसला. चालणं राहिलं आणि न ओलांडणं तेवढं उरलं.

आता नकाशा काढून बघा. मराठी माणूस, आणि महाराष्ट्र सगळा मैयाच्या पलीकडे! जळगाव पलीकडे, नाशिक पलीकडे, पुणं पलीकडे. चुलत दिराचं लग्न, मावशींचं तेरावं, भाच्याची मुंज, सगळीकडे मी एकटी पिशवी घेऊन. "मल्हारराव नाही आले?" "नाही, त्यांचं ते आहे ना." खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी मिरवायचेसुद्धा. आजच्या काळात आईला दिलेला शब्द कोण पाळतो हो? लोक हात जोडायचे, आणि त्यातला अर्धा नमस्कार मी घ्यायचे.

तर हे भावनगरला गेले आणि तीन आठवड्यांनी काळे होऊन परत आले. तिथे यांनी पाहिलं होतं की मासेमार लोक एक खाडी आपसात ठरवून मोकळी सोडतात. तिथे जाळं टाकायचं नाही, मासळी तिथे वाढते आणि मग सगळीकडे पसरते. सरकारी पाटी नाही, शिपाई नाही. वाळूत काटक्यांनी किनारा काढून, सगळ्यांनी भोवती बसून ठरवलेलं. यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. म्हणाले, "किनारा तो किनारा. खारं पाणी काय, गोडं पाणी काय."

मग सुरू झाली यांची ती पीठशाळा. धरमपुरीच्या बाजूला नदीकाठची सात गावं धरली. शाळेच्या ओसरीवर माझी एक जुनी निळी साडी लांब पसरायची, ती नदी. मग मक्याचं पीठ घेऊन पंचांनी आपला काठ काढायचा. इथे घाट, इथे पंप, इथून वाळू जाते, इथे म्हशी बसतात, इथे डोह. कागद पुढे केला की अंगठा लपवणारी बाई पिठाला घाबरत नाही. ती रोज पिठातच हात घालते. सरपंचाच्या नावावर कारभार करणारे नवरे यायचे, त्यांना हे ओसरीखाली बसवायचे. "आप चाय पीजिए. पंच ये हैं." आणि बायका बोलायला लागायच्या. मी दोन-तीनदा गेले होते. एरवी यांच्या हट्टाने माझं डोकं उठतं, पण तिथे यांना बघून मला बरं वाटायचं.

त्या बायकांत एक दुर्गा केवट. तेव्हा नुसती पंच होती, पस्तिशीची, नवरा नाव चालवायचा. पहिल्या वर्षी तोंडावर पदर. तिसऱ्या वर्षी तिने पदर मागे टाकला आणि तहसीलदाराला विचारलं, वाळूचा ट्रक कुणाच्या परवानगीने आला म्हणून. हिने एकदा पीठ टाकता टाकता यांना म्हटलं, "अण्णाजी, आप साड़ी हमेशा दीवार से सटाके बिछाते हो. मैया का एक ही कांठा होता है क्या?"

खरंच की! साडी नेहमी भिंतीला लावूनच अंथरलेली असायची. अलीकडे पीठ, पलीकडे भिंत. हे हसले आणि म्हणाले, "दुर्गाबाई, उधर दूसरा ज़िला है. अपना काम इधर का." माझ्याही तेव्हा काही लक्षात आलं नाही. मी म्हटलं, जागा कमी पडत असेल.

आता मधूचं सांगते. सांगताना अजूनही माझा आवाज चढतो.

मधुवंती आमची एकुलती एक. पुण्याला नोकरीला लागली, तिथलाच मयुरेश तिने पसंत केला. लग्न धारला झालं, कारण मुलीच्या बापाला पुण्याला जाता येत नव्हतं. वऱ्हाड तिकडून आलं, बिचारे काही बोलले नाहीत. अठरा सालच्या ऑगस्टमध्ये मयुरेशचा सकाळीच फोन. मधूला आठव्या महिन्यातच दवाखान्यात न्यावं लागलं, मुलगा झालाय, काचेच्या पेटीत ठेवलाय, डॉक्टर काही सांगत नाहीत. मधू सारखी एकच म्हणतेय, अण्णांना बोलवा.

आम्ही दोघं निघालो. हे निघाले हो! झोळी घेतली, चप्पल घातली. धारहून धामनोद, तिथे पुण्याची बस धरली. माझ्या जिवात जीव आला, म्हटलं सुटला बाई एकदाचा तो शब्द. धामनोद सोडलं, खलघाट आलं. पूल दिसायला लागला तसे हे उठून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "काकासाब, यहाँ स्टॉप नहीं है." हे म्हणाले, "भिया, बस एक मिनिट." गाडी थांबली. मी यांचा सदरा धरला. भर बसमध्ये म्हटलं, "अहो, लेक आहे तुमची." हे म्हणाले, "लता, आईला शब्द दिलाय," आणि उतरले. चहाच्या टपरीपाशी हात जोडून उभे राहिले. कुणाला हात जोडत होते कोण जाणे, मला की नदीला. बस पुलावर चढली आणि मी पुण्यापर्यंत रडत गेले.

मूल दोन दिवस जगलं.

मधूने मला एवढंच विचारलं, "कुठपर्यंत आले होते?" मी खोटं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पुलापर्यंत." तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती धारला आली नाही. यांचा फोन गेला की मयुरेशकडे द्यायची. पुढे चिऊ झाली, तीन वर्षांची झाली, तिने आजोबा पाहिले ते फोनच्या काचेत, तेही मयुरेशने दाखवले म्हणून. आणि त्या दोन दिवसांबद्दल आमच्या घरात कधी कुणी एक अक्षर काढलं नाही. हे सकाळी पूजा करायचे, आईच्या काठीला हळदकुंकू लावायचे, धरमपुरीला जायचे. मी मूग गिळून स्वयंपाक करायचे.

केंद्रातून निवृत्त झाल्यावरही यांनी सात गावं सोडली नाहीत. धरणाचं पाणी फुगून वरपर्यंत आलं होतं, वाहती मैया तळ्यासारखी झाली होती, आणि बाडस मासा दिसेनासा झाला होता. बाडस म्हणजे महाशीर, मोठ्या खवल्यांचा, वाहत्या पाण्यात राहणारा. जुन्या लोकांनी पिठात दाखवलं की एकच खोल डोह उरलाय, वरून ओढ्याचं वाहतं पाणी मिळतं तिथे, बाडस उरला असेल तर तिथेच. सात गावांनी ठराव केला, त्या डोहात बारा महिने जाळं नाही. दुर्गा तोवर सरपंच झाली होती. ठरावावर तिची पहिली सही. हे घरी येऊन लहान पोरासारखे सांगत बसले. बारा वर्षांच्या शिकवण्याला फळ आलं असं यांना वाटलं. मलाही वाटलं.

चोवीसच्या मार्चमध्ये डोहाची राखण करणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांना तिथे अकरा जाळी सापडली. त्यांनी ती ओढून काठावर आणली, रॉकेल ओतलं आणि जाळली. वर मोबाइलवर फोटो काढून पाठवले.

जाळी पलीकडच्या काठावरच्या लोकांची होती. गेंदालाल म्हणून म्हातारा, त्याची चार, बाकी त्याच्या भाऊबंदांची. त्यांचे बाप-आजे त्याच डोहात मासे धरत आले होते. त्यांना ठरावाचा पत्ताच नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं त्यांना! विचारणार कसे? ओसरीवर त्यांच्या जागी भिंत होती.

दोन दिवसांनी दुर्गा बसने धारला आमच्या घरी आली. अर्धं जळलेलं एक जाळं पिशवीतून काढून तिने ओट्यावर ठेवलं. म्हणाली, पोरांनी केलं तेव्हा मी गावात नव्हते, पण सरपंच मी आहे. म्हणाली, मी नावेने तिकडे गेले, माफी मागितली, ते ऐकायला तयार नाहीत. गेंदालाल म्हणतो, ज्याने हे शिकवलं त्याला पाठवा, त्याच्याशी बोलू. अमावास्येपर्यंत तो आला नाही तर बारूद टाकून डोह रिकामा करू. मग ना तुमचा, ना आमचा.

"चिट्ठी लिख देता हूँ," हे म्हणाले.

दुर्गा यांच्याकडे बघत राहिली. तिला शब्दाची गोष्ट माहीत होती, काठावर सगळ्यांना माहीत होती. ती म्हणाली, "अण्णाजी, चिट्ठी वो पढ़ेंगे नहीं. मैं कहती नहीं कि आप आओ. मैं किस मुँह से कहूँ? बस बताने आई थी." चहा अर्धा टाकून ती बस धरायला गेली.

ती गेली आणि माझा बांध फुटला. सहा वर्षांचं साठलेलं होतं. मी म्हटलं, "अहो, बारा वर्षं साडी भिंतीला लावून नकाशे काढलेत. तुमच्या लेखी पलीकडे माणूस राहतच नाही. तिथे गेंदालाल राहतो. तिथे तुमची लेक राहते!"

यांनी जळलेलं जाळं उचललं, गाठी बोटाने चाचपत बसले. संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून आले आणि म्हणाले, "लता, धरमपुरीला जायचंय. तू पण चल. आज पलीकडे जाऊ."

वीस वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होते. आणि तोंडातून काय निघावं? "मासळीसाठी ओलांडणार? लेकीसाठी नाही ओलांडलीत!"

हे चप्पल घालता घालता थांबले. म्हणाले, "तेव्हा मला वाटायचं, शब्द मी पाळतो, त्याचा त्रासही मीच सोसतो. दुसऱ्या कुणाचं काही जळतंय असं मला दिसलंच नाही. काल ते जाळं हातात आलं तेव्हा दिसलं." मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. सगळं बरोबर आहे." यांच्याकडून हे वाक्य ऐकायची मला सवय नाही. मी पिशवी भरली.

दुर्गाच्या दिराची नाव होती, दुर्गाही आमच्याबरोबर निघाली. घाटावर उतरून यांनी ओंजळ भरली, त्याच धर्मशाळेकडे तोंड करून म्हणाले, "आई, तुझं राहिलंच गं," आणि पाणी सोडलं. मला वाटलं होतं, ज्या दिवशी हे ओलांडतील त्या दिवशी मी पेढे वाटीन. कसले पेढे! सासूबाईंच्या पायांच्या भेगा डोळ्यांपुढे आल्या आणि मला भडभडून आलं. मधल्या धारेत गेलो तसा यांनी माझा हात घट्ट धरला. चाळीस वर्षांत चारचौघांत यांनी माझा हात धरला नव्हता.

पलीकडे चिंचेखाली पंचवीस-तीस माणसं बसली होती. गेंदालाल सत्तरीचा असेल, वाळलेला, डोळे तापट. यांनी वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, चूक पोरांची नाही, चूक माझी. शिकवणारा मी. मी तुमचा काठ काढलाच नाही. माफी मागायला आलोय.

गेंदालालने ऐकून घेतलं. मग आपल्या निमाडी हेलात हळूच विचारलं, "मास्टर, सुना है आपने माँ को बचन दिया था कि मैया पार नहीं करोगे. आज तोड़ के आए. जो मैया का बचन तोड़े, उसकी बात पर हम कैसे भरोसा करें?"

मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की उठून बोलणार होते. यांनी मला हाताने थांबवलं. यांचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. म्हणाले, "मत करो. मेरी बात पर मत करो. दुर्गाबाई की बात पर करो. सरपंच वो हैं. मैं सिर्फ़ माफ़ी माँगने आया हूँ." आणि मागे सरकून बायकांच्या ओळीच्याही मागे जाऊन बसले.

पुढचं सगळं दुर्गाने केलं. तिने पिशवीतून माझी ती निळी साडी काढली आणि मोकळ्या अंगणात मधोमध पसरली. पिठाचा डबा गेंदालालच्या सुनेपुढे सरकवला. म्हणाली, आज आधी तुमचा काठ. अर्धा तास कोणी हात लावला नाही. मग ती सून उठली आणि तिने त्यांचा घाट काढला. मग एकेक जण. डोह त्यांच्या बाजूने सुनेने दाखवला तो आमच्या नकाशापेक्षा दुप्पट होता, आणि बाडस अंडी कुठे घालतो ती जागा त्यांच्याच बाजूच्या कपारीत निघाली. आम्हाला कुणाला ती ठाऊकच नव्हती. दुपारपर्यंत ठरलं. अकरा जाळी अलीकडच्या सात गावांनी विणून द्यायची, तीही इथे येऊन, त्यांच्या अंगणात बसून. जाळणाऱ्या पोरांनी आधी बसायचं. डोह दोन्ही काठांनी मोकळा सोडायचा, आणि खालचं उथळ पाणी आपल्या गावांनी बळकावलं होतं तिथे त्यांचीही जाळी पडतील. गेंदालाल शेवटी एवढंच म्हणाला, "देखेंगे." दुर्गा म्हणाली, "देखना. मैं भी देखूँगी." तीच बाई, जी एके काळी तोंडावर पदर घेऊन बसायची.

नाव परत निघायची तयारी झाली. हे जागचे हलले नाहीत. गेंदालालच्या मुलाला विचारत होते, "भिया, यहाँ से पूना की गाड़ी कहाँ मिलेगी?"

मी म्हटलं, "अहो, कपडे नाहीत, औषधं नाहीत."

"शब्द मोडायचा तो मोडला," हे म्हणाले. "आता परत गेलो तर मासळीसाठीच मोडला असं होईल."

गेंदालालच्या मुलाने टेंपोतून ठीकरीला हायवेवर सोडलं. मधूला कळवलं नाही. कळवलं असतं आणि ती 'नको' म्हणाली असती तर? दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला तिच्या दारात उभे होतो. यांचं धोतर चिखलाने भरलेलं, दाढी वाढलेली. मयुरेशने दार उघडलं आणि तो बघतच राहिला. चिऊ त्याच्या पायामागून डोकावली.

मधू आतून आली. नमस्काराला वाकली नाही, रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "बसा. चहा टाकते." कप आणून ठेवले. केसांत पांढरं दिसायला लागलंय माझ्या पोरीच्या. हे कप हातात घेऊन बसले, प्यायले नाहीत.

"मधू, मी चुकलो," हे म्हणाले. "मी तेव्हा यायला हवं होतं."

"पुलापाशी उतरलात त्याचा राग गेला माझा, अण्णा," ती म्हणाली. "आजीला शब्द दिला होतात. पटत नाही, पण कळतं मला. मी रागावलेय ते वेगळंच. सहा वर्षं झाली. तुम्ही मयुरेशला माझी तब्येत विचारलीत, चिऊचे दात विचारलेत, पुण्याचा पाऊस विचारलात. त्याच्याबद्दल एकदाही विचारलं नाहीत. दोन दिवस होता तो. बारसं झालं नव्हतं, पण आम्ही त्याला हाक मारायचो. त्याला नाव होतं, अण्णा."

मी पदर तोंडात कोंबला. मला ते नाव माहीत होतं. मी कधीही सांगू शकले असते. यांनी विचारावं म्हणून मी सहा वर्षं अडून बसले होते, आणि तो माझा हट्ट यांच्या हट्टाहून लहान नव्हता.

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "काय नाव ठेवलं होतंस?"

"मनन."

"मनन," हे म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. मग विचारलं, "कुणासारखा दिसायचा?"

मधू त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि सांगायला लागली.